नववीतला मुलगा, एडीएचडी आणि ‘शाळा बंद करून घरीच शिकवू का?’

डोंबिवलीच्या एका आईचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. मुलगा नववीत, सेमी इंग्लिश, स्टेट बोर्ड, ऑगस्टमध्ये १४ पूर्ण झाला. दोन वर्षांपूर्वी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवर घालणं अवघड जातं ते) निदान झालं, गोळी चालू आहे. पहिल्या सत्रात गणित आणि विज्ञान दोन्हीत नापास, वह्या अपूर्ण, डायरीत रोज लाल पेनाने काहीतरी लिहून येतं आणि रविवारी संध्याकाळपासूनच त्याच्या पोटात दुखायला लागतं. आई मुंबईत नोकरीला, घरी पोचायला साडेआठ. घरी आजी असतात. बाबांचं म्हणणं, दहावीपर्यंत कसंतरी ढकलू मग बघू. आईचं म्हणणं, शाळा बंद करून घरी शिकवू, दहावी एनआयओएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा बोर्डातून देऊ. तर यातलं काय बरोबर?

ताई, मी पुण्यात विशेष शिक्षिका म्हणून १९ वर्षं काम करतेय, त्यातली बरीचशी मुलं आठवी ते बारावीतली आणि बहुतेकांना एडीएचडी किंवा एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातच अडचण) किंवा दोन्ही. मी डॉक्टर नाही त्यामुळे गोळीच्या डोसबद्दल काही बोलणार नाही, पण गोळीच्या वेळेबद्दल बोलणार आहे कारण त्याचा अभ्यासाशी थेट संबंध आहे. आणि आधीच सांगते, शाळा सोडलेली आणि नंतर छान मार्गाला लागलेली मुलं मी बघितलीत, शाळा सोडून दोन वर्षं पलंगावर मोबाईल घेऊन पडलेलीही बघितलीत. दोन्हीकडचे आईबाप सारखेच काळजी करणारे होते.

तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवू. एक, मुलगा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा कुठे आणि कोणाबरोबर असणार. दुसरा, दहावीचा कागद कुठल्या बोर्डाचा असणार. लोकांना वाटतं एनआयओएस म्हणजे होमस्कूलिंग. तसं नाहीये. माझ्याकडे एनआयओएसची परीक्षा देणारी अशी मुलं आहेत जी रोज साडेनऊला डबा घेऊन एका छोट्या केंद्रात जातात, आणि स्टेट बोर्डाचा १७ नंबर फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा) भरून पूर्ण वर्ष घरी असलेलीही आहेत. बोर्ड निवडणं हे त्यातलं सोपं काम, आठवड्याभराचं. दिवस कसा जाणार हे अवघड काम आहे आणि त्याबद्दल तुमच्या प्रश्नात एक ओळसुद्धा नव्हती, म्हणून मला जास्त काळजी वाटली.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. पोटात दुखतं ते नेमकं कशामुळे? म्हणजे पोट खरंच दुखत असतं, नाटक नसतं ते, पण मुळाशी काय आहे हे कळल्याशिवाय शाळा सोडवली तर दुखणं घरी येऊन बसतं. माझ्या अनुभवात तीन कारणं असतात. कधी अभ्यासच झेपत नसतो, म्हणजे वाचन किंवा लेखन किंवा आकडेमोड यातच अडचण असते. कधी अभ्यास झेपतो पण त्या वर्गात, त्या एका बाईंसमोर किंवा मधल्या सुट्टीत त्या चार पोरांसमोर रोज मान खाली जाते. आणि कधी मुलाला झोपच मिळत नसते, रात्री एकपर्यंत जागा आणि सहाला उठवून ओढत नेलेला, मग सगळंच बिघडतं. तिन्हीचे उपाय वेगळे आहेत. दुसऱ्या कारणासाठी शाळा बदलणं पुरतं बऱ्याचदा. तिसऱ्यासाठी तर शाळेला हातही लावायची गरज नसते. शाळा सोडवून पहिल्या कारणावर काहीच फरक पडत नाही, उलट जी अडचण शाळेत होती तीच आता स्वयंपाकघराच्या टेबलावर आईसमोर उभी राहते.

तुम्ही लिहिलंय वह्या अपूर्ण असतात. मला त्याची एक वही बघायला आवडली असती. पहिल्या दोन ओळी बऱ्या, मग अक्षर घसरत जातं आणि पानाच्या मध्यावर वाक्य अर्धवट सुटतं, असं असेल तर लक्ष टिकत नाहीये. पण पहिल्या ओळीपासूनच फळ्यावरचे शब्द गाळलेले, जोडाक्षरं मोडलेली, इंग्रजी स्पेलिंग एकाच पानावर तीन प्रकारे लिहिलेलं असेल तर एलडीची तपासणी झाली पाहिजे. निदान करताना बऱ्याचदा एडीएचडीवर थांबतात, एलडी बघायचंच राहून जातं आणि ही दोन्ही एकत्र असणं फार कॉमन आहे. मुंबईत सायन, केईएम, नायर या हॉस्पिटलांमधून ही तपासणी आणि सर्टिफिकेट होतं. प्रायव्हेट मानसोपचारतज्ज्ञाचा रिपोर्ट तुम्हाला समजून घ्यायला उत्तम पण बोर्डाच्या सवलतीसाठी सरकारी सर्टिफिकेट लागतं. जाण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या, ते रिपोर्ट मागतातच, नाहीतर तेवढ्यासाठी एक रजा फुकट जाते. दोन-तीन खेपा होतील, नंबर लागायला वेळ लागेल, म्हणून आत्ताच सुरुवात करा, मग निर्णय काहीही घ्या.

हे एवढं घोळवून का सांगतेय तर कायद्यातली एक खोच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडी असं स्वतंत्र नाव नाहीये. त्यामुळे नुसता एडीएचडीचा कागद घेऊन शाळेत गेलात तर ‘मॅडम यावर काही देता येत नाही’ असं ऐकायला मिळू शकतं. एलडीचं सर्टिफिकेट असेल तर तासाला २० मिनिटं जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक, गणिताचीच अडचण असेल तर कॅल्क्युलेटर अशा सवलती स्टेट बोर्डातच मिळतात, शाळा न सोडता. तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त. गणित भाग १ आणि २ हे ४०-४० मार्कांचे दोन तासांचे पेपर, त्यांना ४०-४० मिनिटं जास्त. ज्याचा पेपर येत असूनही अर्धा कोरा राहतो त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

माझ्याकडे एक मुलगी होती, तिच्या आईने शाळा सोडवायचं पक्कं ठरवलेलं, एलसीचा, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्जसुद्धा लिहून आणला होता. मी म्हटलं तपासणी होईपर्यंत थांबा. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली एलडी निघाली. सवलत मिळाली, वर्गशिक्षिकेला भेटून फळ्यावरचं उतरवून घ्यायच्या ऐवजी शेजारच्या मुलीच्या वहीचा फोटो काढायची परवानगी घेतली, बस. मार्क काही फार वाढले नाहीत पण तिचं रडणं थांबलं आणि त्याच शाळेतून दहावी झाली. असं सगळ्यांचं होतं असं नाही. काही शाळा ऐकूनच घेत नाहीत, ‘एकाला दिलं तर सगळे मागतील’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी ते पुरं होण्याआधीच मान हलवते.

आता घरी शिकण्याबद्दल.

एडीएचडीत हुशारी कमी नसते, कमी पडतं ते स्वतःला वेळेवर कामाला लावणं. काय करायचंय ते पोराला माहीत असतं, सुरुवात होत नाही. अमेरिकेत एनआयएमएच या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ साली मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासून दाखवलं होतं की एडीएचडीच्या मुलांत मेंदूचं वरचं आवरण पक्व व्हायला इतर मुलांपेक्षा साधारण तीन वर्षं जास्त लागतात, आणि सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात, जिथे नियोजन आणि आवर घालणं चालतं. मी पालकांना सांगते की तुमचा १४ वर्षांचा मुलगा गप्पा मारायला १४ चा आहे, दप्तर भरायला ११ चा. अकरा वर्षांच्या मुलाला तुम्ही दिवसभर घरी एकटं ठेवून ‘तुझं तू कर’ म्हणाल का?

शाळा कितीही वाईट असू दे, ती एक काम फुकटात करत असते. घंटा वाजते, बाई वर्गात येतात, चाळीस पोरं वही उघडतात म्हणून हाही उघडतो. त्याचं घड्याळ शाळेने बाहेरून चालवलेलं असतं. शाळा बंद केली की ते घड्याळ बंद होतं आणि दुसऱ्या कोणीतरी ते रोज चावी देऊन चालवावं लागतं. घरी शिकवायचं म्हणजे हे घड्याळ कोण होणार हे आधी ठरवायचं, पुस्तकं-बिस्तकं नंतर.

माझीच एक फजिती सांगते. साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट, एक मुलगा नववी अर्धवट सोडून आला, शाळेत फारच वाईट झालेलं त्याच्याबरोबर. मी मोठ्या उत्साहात त्याला टाइमटेबल करून दिलं, कार्डशीटवर, विषयाला एक रंग, चाळीस मिनिटं अभ्यास दहा मिनिटं ब्रेक, आईने लॅमिनेट करून भिंतीवर लावलं. ते नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी उठायला उशीर झाला, पहिला रंग गेला, मग त्याला वाटलं आजचा दिवसच गेला, आणि एकदा असं वाटलं की या मुलांचं सगळंच सुटतं. आई घरीच असायच्या, त्या दर अर्ध्या तासाने दारातून डोकावून ‘झालं का?’ विचारायच्या, दोन महिन्यांत दोघं एकमेकांशी फक्त अभ्यासावरून बोलायला लागले. एनआयओएसचे टीएमए असतात, म्हणजे घरून लिहून द्यायच्या असाइनमेंट, त्याचे मार्क धरतात. याने तीन विषयांच्या लिहिल्या होत्या, खरंच लिहिल्या होत्या, आणि तारीख उलटून गेल्यावर त्या सापडल्या सॅकच्या तळाला, एका जुन्या डब्याखाली, तेलाचे डाग पडलेल्या. करायच्या होत्या त्या केल्या, नेऊन द्यायच्या राहिल्या. एडीएचडी म्हणजे काय हे मला कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा त्या तेलकट कागदांनी जास्त शिकवलं.

मग काय केलं तर लॅमिनेशन काढून टाकलं. त्याच्या घराजवळ एक अभ्यासिका होती, पुण्यात गल्लोगल्ली असतात तशी, एमपीएससीची मुलं बारा-बारा तास बसलेली असतात. मालकाशी बोलून याला सकाळी दहा ते साडेबारा एक खुर्ची घेतली. शिकवायला तिथे कोणी नाही. फक्त आजूबाजूला वीस-पंचवीस जण मान खाली घालून वाचतायत. पहिल्या आठवड्यात त्याने नुसते तिथल्या एका दादाच्या वहीत डोकावून महाराष्ट्रातल्या नद्या पाठ केल्या, चालेल म्हटलं. साडेबाराला घरी, जेवण, दुपारी एक दिवसाआड माझ्याकडे तास, चारनंतर फुटबॉल. घरी अभ्यास शून्य. आईला सांगितलं तुम्ही ‘झालं का’ हा शब्दच उच्चारायचा नाही. दोन वेळच्या परीक्षांमध्ये मिळून पाच विषय काढले त्याने. मार्क बेताचेच होते, पण निघाले.

आता तुमच्या घराचं बघू. तुम्ही साडेआठला येता. हातपाय धुवून जेवणं होऊन अभ्यासाला बसायला साडेनऊ वाजत असणार. शाळेसाठी मिथिलफेनिडेट ही एडीएचडीची नेहमीची गोळी सकाळी घेत असेल तर तिचा असर तोपर्यंत उतरलेला असतो. साधी गोळी तर चार तासांच्या आसपास चालते, जास्त वेळ चालणारी असली तरी रात्री साडेनऊपर्यंत नाही. म्हणजे तुम्ही दिवसभर दमून, लोकलमध्ये उभं राहून आलेल्या, आणि तो गोळीशिवाय, दमलेला. या वेळेला प्रमेय शिकवायला घेतलं तर भांडणाशिवाय दुसरं काय होणार. घरी शिकवायचं ठरलं आणि खरा अभ्यास तुम्ही आल्यावरच होणार असेल तर माझं स्पष्ट मत, करू नका. सकाळचे अडीच तास दुसरं कोणीतरी त्याच्याबरोबर असेल तरच विचार करा. (गोळीचंच निघालंय तर, मिथिलफेनिडेट असेल तर ती सगळ्या मेडिकलवाल्यांकडे नसते, चिठ्ठीवरच मिळते आणि दिवाळीत, मेच्या सुट्टीत हमखास संपते. शाळा नसली की पालकही ‘आता कशाला’ म्हणून सोडतात. असं मधेच आपल्या मनाने करू नका, डॉक्टरांना विचारा.)

आजींबद्दल. आजी घरी आहेत म्हणून त्या लक्ष ठेवतील असं धरून चालू नका. सत्तरीच्या बाईला १४ वर्षांच्या नातवाच्या हातातून मोबाईल काढून घ्यायला लावणं हे दोघांवरही अन्याय आहे, आणि त्यांचं जे गोड नातं आहे ते बिघडतं. आजींना दुसरं काम द्या. एका घरात आजी रोज अकराला कुकर लावायच्या, नातू तेव्हा गणिताची वही घेऊन ओट्याशेजारच्या स्टुलावर बसायचा, पहिल्या शिट्टीपासून चौथ्या शिट्टीपर्यंत जेवढी होतील तेवढी गणितं. आजींना गणितातलं काही कळत नव्हतं, त्या पालकाची भाजी निवडत बसायच्या. रोज चार-पाच गणितं व्हायची. ऐकायला कमी वाटतं, पण टेबलावर एकटा बसवला की एकही होत नव्हतं.

आता कागदाचं, म्हणजे बोर्डाचं. स्टेट बोर्डात बाहेरून बसायचं तर १७ नंबर फॉर्म. १४ वर्षं पूर्ण आणि किमान पाचवी पास असावं लागतं, ऑनलाइन अर्ज करून एक संपर्क शाळा मिळते, तिथून परीक्षा. पण विषय सगळे तेच, गणित विज्ञान सकट, आणि वर्षभर शिकवायला कोणी नाही. ज्याला अभ्यास झेपतो पण शाळेची जागा सहन होत नाही त्याच्यासाठी हे ठीक आहे, गणित विज्ञानातच नापास होणाऱ्याला यातून काय मिळणार?

एनआयओएसचं वेगळं आहे आणि अशा मुलांसाठी त्याची रचना मला मनापासून आवडते. माध्यमिकला वय १४ पूर्ण लागतं, ते तुमचं झालंय. पाच विषय, त्यात एक तरी भाषा. गणित घ्यायलाच पाहिजे असं नाही. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री, मानसशास्त्र, व्यवसाय अध्ययन असे विषय घेता येतात. वर्षातून दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाचही विषय एकदम द्यावे लागत नाहीत, एका वेळी दोन दिले तरी चालतात, पास झालेला विषय जमा राहतो. आमच्या मुलांना एका वेळी दोन गोष्टी हातात दिल्या की जमतं, सहा दिल्या की सगळ्या खाली पडतात. ठराविक केंद्रांवर ऑन डिमांड, म्हणजे आपली तयारी झाली की देता येणारी परीक्षाही असते. मराठी माध्यम आहे, पण निवडलेल्या विषयाचं पुस्तक मराठीतून मिळतंय का ते विषय ठरवायच्या आधी बघा. आणि सर्टिफिकेट इतर बोर्डांच्या बरोबरीचं धरतात, अकरावीला प्रवेश मिळतो, हे नातेवाईकांना दहा वेळा सांगावं लागेल, सांगा.

दोन इशारे मात्र. पहिला, विषय निवडताना पुढचं बघा. गणित-विज्ञान सोडलं तर अकरावी सायन्सला बहुतेक दरवाजे बंद होतात. मुलाला मशीन उघडून बघायला आवडत असेल, डिप्लोमा वगैरे डोक्यात असेल, तर गणित ठेवा आणि बाकीचे विषय काढून झाल्यावर शेवटी एकटंच द्या, भले दीड वर्ष लागो. दुसरा, एनआयओएसच्या नावाने दुकानं उघडलेली आहेत. ‘पासची गॅरंटी’, ‘यायची गरज नाही, आम्ही टीएमए लिहून देतो’, आणि फी ऐकाल तर डोळे फिरतील. एका पालकांनी असे पैसे भरले, नंतर कळलं मुलाची नोंदणीच झाली नव्हती, वर्ष गेलं. प्रवेश ऑनलाइन स्वतः घेता येतो, स्वतः घ्या, लॉगिन आणि पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. शिकवणीला पैसे द्या, नोंदणीला देऊ नका.

जाता जाता, आयटीआयमध्ये वेल्डरसारख्या मोजक्या ट्रेडना आठवी पासही चालतं. घरात हे बोललं की बाबांचा चेहरा पडतो मला माहितेय, पण हाताने काम करायला मिळालं की कायापालट झालेली मुलं मी पाहिलीत. आत्ता नको, डोक्यात असू द्या.

तर एवढं सगळं बोलून तुमच्यासाठी मी काय म्हणतेय? आत्ता वर्षाच्या मध्ये शाळा सोडवू नका, एलसी तर मुळीच काढू नका, कारण एकदा दाखला हातात आला की अर्ध्या नववीतून परत जायला जागा मिळणं अवघड. घाई करून मिळणार पण काही नाहीये, एप्रिलच्या परीक्षेचा प्रवेश साधारण पावसाळ्यातच होऊन जातो, आता भरलंत तर पुढच्या ऑक्टोबरचीच परीक्षा. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. तपासणी करून घ्या. शाळेत मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, पोच घ्या, त्यात फक्त तीन मागण्या लिहा, पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरचं उतरवून घेण्यातून सूट, आणि डायरीत तक्रारीऐवजी आठवड्यातून एकदा फोन. तीनच, दहा लिहिल्या तर एकही होणार नाही. आणि दिवस कसा जाईल याची रंगीत तालीम करा, मे महिन्यात सलग तीन आठवडे, जणू शाळा नाहीच असं धरून. सकाळी दहा ते साडेबारा कोण, कुठे, हे ठरवून. डोंबिवलीत अभ्यासिका आहेत, शेजारची कॉलेजची मुलगी किंवा एखादे रिटायर्ड सर मिळतात. तीन आठवडे टिकलं तर नववीच्या निकालानंतर एनआयओएसचा विचार करा, नाही टिकलं तर शाळेतच सवलत घेऊन किंवा लहान वर्ग असलेल्या दुसऱ्या शाळेत दहावी करा.

याला एक अपवाद. शाळेत कोणी मारत असेल, अंगाला हात लावत असेल, किंवा मुलगा ‘मला जगायचं नाही’ असं काही बोलला असेल, अगदी चिडून, मस्करीत जरी, तर यातलं काहीही पाळू नका. उद्यापासून पाठवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. वर्ष गेलं तर जाऊ दे.

बाबांचं काय. ‘दहावीपर्यंत ढकलू’ म्हणणाऱ्या बाबांना मी आडमुठे समजत नाही, त्यांना भीती असते की दहावी झाली नाही तर पुढे काहीच नाही. त्यांना एनआयओएसच्या वेबसाइटवर नेऊन नऊ संधी आणि पाच वर्षं हे स्वतः वाचू द्या, तुमच्या तोंडून ऐकून फरक पडणार नाही. आणि सकाळच्या अडीच तासांचा बंदोबस्त करायचं काम त्यांच्याकडे द्या, माणूस शोधणं, पैसे ठरवणं, पहिले चार दिवस सोडायला जाणं. काम हातात आलं की विरोध बराच मावळतो.

राहता राहिला तो स्वतः. तुमच्या अख्ख्या मेसेजमध्ये त्याला काय पाहिजे हे कुठेच नव्हतं, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये, मला येणाऱ्या बहुतेक मेसेजमध्ये नसतं. पण त्याला समोर बसवून ‘तुला शाळेत काय त्रास होतो सांग’ असं विचारू नका, ‘काही नाही’ हेच उत्तर येणार. रविवारी दुपारी, पोट दुखायला लागायच्या आधी, त्याला घेऊन पायी बाहेर पडा, स्टेशनकडे वडापाव खायला जा, बाजूबाजूने चालताना, एकमेकांकडे न बघता विचारा की दिवसातला कुठला तास तुला सगळ्यात जास्त नकोसा वाटतो. शाळा आवडते का वगैरे नको, फक्त तास विचारा. पीटीचा म्हणाला, गणिताचा म्हणाला, मधली सुट्टी म्हणाला की सकाळची व्हॅन म्हणाला, ते मला कळवा, त्यावरून पुढचं बोलू.